शकुंतलेच्या वाटेनं पायी : अचलपूर ते मूर्तिजापूर

धुऱ्यावरचा

जानेवारीत मी आणि माझा मामेभाऊ अचलपूरच्या छोट्या स्टेशनापासून मूर्तिजापूरपर्यंत शकुंतलेच्या, म्हणजे आता बंद पडलेल्या छोट्या आगगाडीच्या, लाइनीनं पायी चालत आलो. ७६ किलोमीटर, तीन दिवस, दोन मुक्काम. त्यानंतर बरेच व्यनि (व्यक्तिगत निरोप) आले, म्हणून सगळं एकत्र इथं लिहितोय. लांबेल, सांभाळून घ्या.

विदर्भाबाहेरच्यांसाठी आधी थोडं. मूर्तिजापूर हे मुंबई–नागपूर मार्गावरचं जंक्शन, अकोला आणि बडनेरा यांच्या मधलं. तिथून अडीच फुटी नॅरोगेजचे दोन फाटे निघायचे. एक उत्तरेला दर्यापूर, अंजनगाव करत अचलपूरला, ७६ किलोमीटर. दुसरा आग्नेयेला कारंजा, दारव्हा करत यवतमाळला, ११३ किलोमीटर. मुंबईच्या किलिक निक्सन कंपनीनं सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढून ह्या लाइनी टाकल्या त्या वऱ्हाडच्या कापसासाठी. १८६७ सालापर्यंत मोठी लाइन नागपूरला पोचली होती, पण कापूस पिकायचा लाइनीपासून दूर, आतल्या गावांत. पावसाळ्यात काळ्या मातीत बंडीचं चाक आसापर्यंत रुतायचं. छोट्या गाडीनं तो कापूस मोठ्या लाइनीपर्यंत आणायचा, एवढा तिचा हिशेब. माणसं पुढं तिच्यावर विसंबून राहायला लागली. गाडीला शकुंतला म्हणायला लागली तीही माणसंच.

आता गाडी बंद आहे. रूळ मात्र बऱ्याच ठिकाणी अजून जागेवर आहेत.

माझं आजोळ अंजनगावचं. आईला माहेरी यायचं म्हणजे मूर्तिजापूरला मोठ्या गाडीतून उतरून ह्या छोट्या गाडीत बसायचं. मी चार-पाच वर्षांचा असताना वाफेचं इंजिन होतं. १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं ते झेडडी इंजिन १९२३ पासून ह्या लाइनीवर राबलं आणि १५ एप्रिल १९९४ ला थांबलं, त्यानंतर डिझेल आलं. मला इंजिन आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की आई पदर ओला करून माझ्या डोळ्यांतली कोळशाची कणी काढायची.

पहिला दिवस. अचलपूर ते अंजनगाव.

सकाळी साडेसहाला निघालो. लाइन अचलपूरहून पश्चिमेला, जरा दक्षिणेकडं कलत जाते. उजव्या हाताला दिवसभर सातपुडा. ऊन वर आलं तसा गाविलगडाचा डोंगर निळ्याचा करडा झाला. १८०३ च्या १५ डिसेंबरला इंग्रजांनी तो गड घेतला आणि पंधरा दिवसांत, ३० डिसेंबरला, शिंद्यांना तह करावा लागला. तो तह सुर्जी-अंजनगावचा, आणि आम्ही पायी निघालो होतो तेही त्याच गावाला. वाटेत चमक हे साधंसं गाव लागतं. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपट इथंच सापडला, त्यात ह्या गावाचं नाव ‘चर्मांक’ असं येतं. दीड हजार वर्षं टिकलेलं नाव, आणि तिथलं छोटं स्टेशन एका माणसाच्या आयुष्यात आलं नि गेलं.

चालताना पहिली गोष्ट कळते ती पोटरीला. लाइनीला चढच नाही. शेजारची पांधण, म्हणजे शेतातली बंडीवाट, ओढ्यात उतरते, पुन्हा वर चढते, तुम्हाला दम लागतो. लाइन मात्र भरावावरून नाकासमोर जाते. ओढा आला की दगडी मोरी. आम्ही एका मोरीखाली वाकून पाहिलं. घडीव दगड, सांध्यात चुना, आणि आजही एक चिरा हललेला नाही. वर मात्र वेड्या बाभळीनं असं रान माजवलंय की कोयता असूनही तासात दोन किलोमीटर होत नव्हते. त्यामुळं निम्म्याहून जास्त चाल रुळांच्या कडेनं, धुऱ्याधुऱ्यानं झाली.

पथ्रोटच्या अलीकडं पानपिंपळीचे मळे आहेत. हे पीक महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी होतं आणि त्यातला मोठा वाटा ह्याच अंजनगाव-अचलपूर पट्ट्याचा. शेवग्या-पांगाऱ्याच्या आधारानं चढवलेले वेल, आत गर्द गार सावली. तिथं एका बाईंनी पाणी दिलं. आमच्या पाठीवरच्या पिशव्या, हातातला नकाशा आणि काठी बघून विचारलं, “सर्वे आला काय भाऊ?”

आम्ही नाही म्हटलं. त्या गप्प झाल्या. “मंग कायले चालून राहिले?”

तीन दिवसांत हा प्रश्न आम्हाला किमान पंधरा जणांनी विचारला. सर्वे आला काय. गाडी सुरू होते काय. प्रत्येक वेळी नाही म्हणताना वाईट वाटायचं. आपण नुसते चालायला आलोय हे सांगताना जीभ जड व्हायची.

उरलेलं उद्या.

चिंचेखाली

वाचतेय. पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत). कोळशाची कणी वाचून थबकले, माझ्या आजीचंही नेमकं हेच होतं, फक्त गाडी पुलगाव–आर्वीची.

कुर्डुवाडीकर

फार छान सुरुवात. आमच्याकडं बार्शी लाइट होती, तीही अडीच फुटीच. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाच्या इंजिनिअरनं काढलेली. १८९७ ला बार्शी ते कुर्डुवाडी, १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर, १९२७ ला मिरज. आषाढी-कार्तिकीला वारकरी डब्यांच्या टपावरही बसायचे. हा कॅल्थ्रॉप पुढं विमानातून उडी मारायच्या पॅराशूटवर काम करत होता, हे फार थोड्यांना माहीत असतं. आमच्या लाइनीचं ब्रॉडगेज झालं. गाड्या आल्या, चांगलंच झालं. पण रुंदीकरणात बऱ्याच ठिकाणी मार्ग बदलला, आणि जुना भराव कुठं शेतात मिसळला, कुठं रस्त्याखाली गेला. बार्शीच्या बाजूनं मी तो शोधत दोन रविवार हिंडलो. एका बांधावर चिंचांची एकदम सरळ रांग दिसली म्हणून कळलं, की इथून लाइन जायची. तुम्ही रूळ असताना चाललात, हे बरं केलंत.

मु.पो.दर्यापूर

धागा वाचला. लिखाण चांगलं आहे, पण मनातलं बोलतो, राग मानू नका. आम्ही इथं राहतो. पुण्या-मुंबईचे लोक येतात, गंजलेल्या रुळांचे फोटो काढतात, ‘किती सुंदर’ म्हणतात आणि जातात. माझ्या काकूला दर पंधरवड्याला मूर्तिजापूरला दवाखान्यात न्यावं लागायचं. गाडीचं तिकीट एसटीच्या मानानं काहीच नव्हतं, आणि महत्त्वाचं म्हणजे तिला गाडीत आडवं होता यायचं. आता जीपमध्ये सात जणांत अंग चोरून बसते. गाडी बंद पडली तेव्हा ती दुखणं घेऊन घरी बसली, सहा महिने गेलीच नाही. रुळांवर फिरण्यात मजा काय आहे ते मला कळत नाही. आम्हाला गाडी पाहिजे.

धुऱ्यावरचा

@मु.पो.दर्यापूर, राग कसला. तुम्ही लिहिलंत ते वाचून मी दोनदा उत्तर लिहिलं आणि खोडलं. काकूंना आडवं होता यायचं, ही गोष्ट कुठल्याही अहवालात सापडायची नाही. तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. मलाही गाडीच पाहिजे. मी का चाललो ते तिसऱ्या दिवसाच्या भागात लिहितो, त्यानंतरही पटलं नाही तर जरूर सांगा.

दुसरा दिवस. अंजनगाव ते बनोसा.

बनोसा म्हणजेच दर्यापूर. स्टेशनाचं नाव मात्र बनोसा.

अंजनगावला मामाकडं मुक्काम होता. मामीनं पहाटे उठून भाकरी, ठेचा आणि ओल्या तुरीच्या दाण्याची भाजी बांधून दिली. इथून लाइन दक्षिणेला वळते, सातपुडा पाठीशी जातो आणि प्रदेशच बदलतो. संत्री, केळी, पानमळे मागं पडतात. पुढं सगळा खारपाणपट्टा, पूर्णेच्या खोऱ्यातला. जमिनीखालचं पाणी खारट, त्यामुळं विहिरी असून नसल्यासारख्या. नजर पोचेल तिथवर पऱ्हाटी, तूर, हरभरा. झाड म्हणाल तर लाइनीवरची बाभूळ तेवढी.

कापूसतळणीचं स्टेशन ह्याच टप्प्यात येतं. गावाच्या नावातच कापूस. स्टेशनाच्या आवारात उभं राहिलं की लाइन इथूनच का गेली ते लगेच उमगतं. चहू बाजूंनी पांधणी येऊन मिळतात. बंड्या उभ्या करायला, गाठी रचायला ऐसपैस जागा आहे. मोठ्या शहरातल्या स्टेशनाला पुढं रस्ता आणि मागं रूळ असतात. इथं सगळ्या बाजू उघड्या, खळ्यासारख्या.

रुळांचं आता काय होतं ते जवळून सांगतो. एका वस्तीपाशी एका रुळाला शेळी बांधलेली. दोरीनं घासून घासून रुळाचा तेवढाच वीतभर तुकडा लख्ख झालेला, बाकी सगळा तांबूस गंज. त्यापुढं दोन्ही रुळांमध्ये तुराट्यांचे भारे रचलेले, आणि रुळावर एक आजी तुरीच्या शेंगा बडवत होत्या. तडतडून उडालेले दाणे रुळाच्या कडेला अडत होते आणि त्या ते ओंजळीनं गोळा करत होत्या. आम्ही थांबलो तशा म्हणाल्या, “बसा, बसा. गाडी काई येत नाई आता.” मग स्वतःच सांगायला लागल्या. लग्न होऊन ह्या गावात आल्या त्या गाडीनं आल्या. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं होतं, तेव्हा गार्डनं त्यांच्यासाठी गाडी दहा मिनिटं थांबवली होती, कारण सासरे दुधाचा गंज, म्हणजे पातेलं, घरी विसरले होते.

तिथून पुढं तीन-चार किलोमीटरवर बाभळीच्या जाळीत एक पाटी दिसली. लोखंडी खांब, वर पिवळा पत्रा, त्यावर काळ्या अक्षरांत ‘सी/फा’. रंग अजून शाबूत. अर्थ आम्हा दोघांनाही कळला नाही. कुणाला माहीत असेल तर सांगा.

बनोस्याला पोचायला संध्याकाळचे सहा वाजले. चंद्रभागेच्या अलीकडं बूट काढले तर मामेभावाच्या दोन्ही टाचा सोललेल्या.

सांधेवाला

सी/फा म्हणजे सीटी, फाटक. पुढं लेव्हल क्रॉसिंग आहे, इंजिनाची शिट्टी वाजवा, असा ड्रायव्हरसाठी इशारा. मोठ्या लाइनीवरही असतात. तुम्ही पाहिली ती बहुधा डिझेलच्या काळात पुन्हा रंगवलेली असणार.

एक खुलासा करतो, कारण लोकांमध्ये फार गोंधळ आहे. ‘आहे त्या लाइनीवर ब्रॉडगेज टाका’ असं म्हणणं सोपं आहे. अडीच फुटी म्हणजे ७६२ मिलिमीटर, ब्रॉडगेज १६७६. दुपटीहून जास्त. नॅरोगेज स्वस्तात व्हायची ती ह्याचमुळं, की भराव अरुंद, रूळ हलके, पुलाचे गर्डर हलके, आणि वळणं आखूड त्रिज्येची घेता येतात, म्हणजे गावाला वळसा घालून शेत वाचवता येतं. ब्रॉडगेजची गाडी त्या वळणात बसत नाही. भराव रुंद करावा लागतो, प्रत्येक मोरी लांबवावी लागते, नदीवरचे पूल नव्यानं बांधावे लागतात. त्यातून ही काळी माती, पावसात फुगणारी नि उन्हाळ्यात हात आत जाईल अशा भेगा पडणारी. जड गाडीसाठी तळापासून मुरूम भरावा लागतो. थोडक्यात, रुंदीकरण म्हणजे जवळजवळ नवी लाइनच. जुन्या लाइनीची खरी किंमत दोनच गोष्टींत आहे. एक तर मार्गाची जमीन आधीच हातात आहे. दुसरं म्हणजे पाणी कुठून वाहतं हे शंभर पावसाळ्यांनी तपासून झालेलं आहे.

आणखी एक. मूर्तिजापूरला गेज बदलायचा, म्हणून कापसाची प्रत्येक गाठ छोट्या वाघिणीतून (मालडब्यातून) उतरवून मोठ्या वाघिणीत चढवावी लागायची. हमाली दुप्पट, वेळ दुप्पट. ट्रक थेट जिनिंगच्या दारात यायला लागले तेव्हा मालवाहतूक गेली, आणि ज्यासाठी लाइन होती ते कारणच सरलं.

चिंचेखाली

ह्या लाइनीसाठी सरकार अजून ब्रिटिश कंपनीला पैसे देतं, असं व्हॉट्सअॅपवर फिरत असतं. खरं काय?

सांधेवाला

चिंचेखाली ताई, लाइनीची मालकी खाजगी कंपनीकडं राहिली, हे खरं. १९५१ साली बाकीच्या रेल्वे एकत्र केल्या तेव्हा ही त्यात आली नाही. गाड्या रेल्वे चालवायची आणि कंपनीशी करार होता. पण किलिक निक्सन ही मुंबईची मॅनेजिंग एजन्सी, स्वातंत्र्यानंतर ती भारतीय मालकांकडं गेली. राणीच्या तिजोरीत पैसे जातात वगैरे निव्वळ कथा. करारामुळं झालेलं खरं नुकसान वेगळंच आहे. दोन मालक म्हटल्यावर दुरुस्तीचा खर्च कुणी करायचा ह्याचं उत्तर मिळत नव्हतं. लाइन खराब, म्हणून वेग कमी. वेग कमी, म्हणून प्रवासी कमी. शेवटी शेवटी ७६ किलोमीटरला चार तास लागायचे.

मोतीबाग

माझे वडील ह्या गाडीवर होते, दुसऱ्या फाट्यावर, दारव्हा मोतीबागेकडं. फाटकाची गोष्ट निघाली म्हणून सांगते. बहुतेक फाटकांवर माणूस नसायचा. गाडी फाटकाच्या अलीकडं थांबायची, गाडीवरचा एक जण उतरून फाटक लावायचा, गाडी पलीकडं जाऊन पुन्हा थांबायची, तो फाटक उघडायचा आणि पळत येऊन डब्यात चढायचा. तिकिटंही गार्डच द्यायचा. बाबा सांगायचे, की पावसाळ्यात गुडघाभर चिखलातून पळताना एकदा त्यांची चप्पल रुतली ती तिथंच राहिली. परतीच्या गाडीच्या वेळी फाटकापाशी एका कास्तकारानं ती धुऊन खांबावर ठेवलेली होती. त्या पट्ट्यातल्या माणसांचं आणि गाडीचं नातं असं होतं.

धुऱ्यावरचा

@सांधेवाला, @मोतीबाग, मनापासून आभार. सी/फाचा अर्थ मामेभावाला फोन करून सांगितला.

तिसरा दिवस. बनोसा ते मूर्तिजापूर.

ह्या दिवसाचा मुख्य टप्पा पूर्णा. लाखपुरीपाशी लाखेश्वराचं जुनं देवस्थान आहे. नदीवरचा छोट्या गाडीचा पूल लांबूनच दिसला आणि दोघंही काही न बोलता थांबलो. तो आम्ही ओलांडला नाही. स्लीपर कुजलेले, मधूनमधून गायब, खाली खोल पात्र. कुणी कितीही सांगितलं तरी जाऊ नका. काठावर उतरून तासभर बसलो आणि मग रस्त्याच्या पुलानं पलीकडं गेलो.

काठावर एक म्हातारे गृहस्थ म्हशी धूत होते. त्यांच्या बोलण्यात गाडगेबाबांचा विषय निघाला. बाबांचा जन्म शेंडगावचा, म्हणजे अंजनगाव तालुक्यातला. लहानपण गेलं आजोळी दापुऱ्याला, इकडं मूर्तिजापूर तालुक्यात. मी तोवर ह्या दोन गावांचा एकत्र विचार कधी केला नव्हता. तीन दिवस पायी चालल्यावर मधलं अंतर अंगात उतरतं. डेबूजी नावाचं पोर आईबरोबर आजोळी आलं तेव्हा लाइन नव्हतीच. ते ह्याच काळ्या मातीतून आलं असणार, बंडीनं किंवा पायी. पुढं ह्याच पूर्णेच्या काठी, ऋणमोचनाला, बाबांनी हातात खराटा घेतला.

मूर्तिजापूर जवळ येतं तसे लाइनीचे हाल होत जातात. एका ठिकाणी भराव जेसीबीनं कापून मुरूम नेलेला. पन्नास-साठ पावलांची पोकळी, आणि दोन्ही रूळ हवेत लोंबकळलेले. पुढं एके ठिकाणी रूळच नव्हते, दगडी खडीवर नांगर फिरलेला आणि हरभरा पेरलेला. आणखी पुढं कुणाचं तरी पक्कं कुंपण थेट लाइनीवर.

@मु.पो.दर्यापूर, माझं चालण्याचं कारण हे. फोटोसाठी मी गेलो नव्हतो. सांधेवाल्यांनी लिहिलंय, की ह्या लाइनीची खरी किंमत जमिनीत आहे. अचलपूर ते मूर्तिजापूर सलग, न तुटलेली पट्टी. मला डोळ्यांनी बघायचं होतं, की ती कुठवर सलग आहे. मी वहीत प्रत्येक तुटलेली जागा लिहून काढली. खूप नाहीत. बहुतेक मूर्तिजापूरच्या बाजूला आणि गावांलगत. मधला सगळा पट्टा अजून शाबूत आहे. ब्रॉडगेजच्या घोषणा होत राहतील, सर्वेही कधीतरी येईल. पण तोवर दर वर्षी शंभर-शंभर पावलं अशीच तुटत गेली, तर सर्वेवाल्यांना नव्यानं जमीन घ्यावी लागेल, आणि जमीन घ्यायची म्हटलं की काम आणखी वीस वर्षं लांबलं. रूळ गेले तर नवे येतात. ही पट्टी एकदा गेली की तुमच्या काकूंच्या नातवालाही गाडी मिळायची नाही. म्हणून लोकांचं लक्ष तिच्यावर राहावं, वर्षातून एकदा का होईना कुणीतरी तिच्यावरून चालावं, असं मला वाटतं.

चार वाजून वीस मिनिटांनी मूर्तिजापूरला पोचलो. जिथं आई मोठ्या गाडीतून उतरून छोटीत बसायची तिथं उभं राहून तिला फोन लावला. ती म्हणाली, “डबा धुतला का?”

डर्बीकर

तिन्ही भाग एका दमात वाचले. मी मूळची अकोल्याची, आता बारा वर्षं इंग्लंडमध्ये डर्बीला. इथं जवळच मॉन्सल ट्रेल आहे. मिडलँड रेल्वेची लाइन १९६८ साली बंद झाली, १९८१ ला तिची पायवाट झाली आणि २०११ ला बंद केलेले बोगदेही चालण्यासाठी उघडले. रविवारी मुलं सायकली चालवतात, व्हीलचेअरवरची माणसं येतात. चढ नसल्यामुळं म्हाताऱ्यांना ती वाट फार सोयीची. मी तिथं चालते तेव्हा प्रत्येक वेळी शकुंतला आठवते. गाडी येईपर्यंत तरी आपल्याकडं अशी वाट करता येणार नाही का?

मु.पो.दर्यापूर

@धुऱ्यावरचा, आता कळलं. वहीतल्या जागांची यादी मला पाठवा. आमच्या बाजूच्या ज्या आहेत त्या मी ग्रामसभेत मांडतो. वरून कुणी सांगण्यापेक्षा गावातून विषय निघाला तर लोक ऐकतात. मुरूम नेणाराही शेवटी ओळखीचाच कुणीतरी असतो.

@डर्बीकर ताई, वाटेचा विचार चांगला आहे, पण मला त्याची भीती वाटते. एकदा फरश्या बसवून बाकडी टाकली, की लोक म्हणतील झालं, शकुंतलेचं काम झालं. मग गाडी कायमची गेली. तुमच्याकडं त्या लाइनीवर पुन्हा गाडी आली का?

डर्बीकर

नाही आली. मागणी अधूनमधून होते, पण आता वाटेवर प्रेम करणारेच विरोध करतात. तुमची भीती खरी आहे. मी ह्या बाजूनं विचार केला नव्हता.

कुर्डुवाडीकर

मु.पो.दर्यापूर यांना +१. आमच्याकडं गाडी आली म्हणून जुना भराव गेल्याचं दुःख पचलं. गाडी न येता नुसता भराव गेला असता तर काय वाटलं असतं, कल्पना करवत नाही.

रानवाटा

पुढच्या हिवाळ्यात आम्ही चार मैत्रिणी जायचं म्हणतोय. पाणी, मुक्काम, साप, परवानगी यांबद्दल सांगाल का? आणि यवतमाळ फाटा जमेल का?

धुऱ्यावरचा

जरूर जा. आधी परवानगीचं. गाडी बंद असली तरी ही जागा रेल्वेमार्गाचीच आहे आणि विनापरवाना रुळांवर जाणं हा रेल्वे कायद्याच्या १४७ कलमाखाली गुन्हा ठरतो. म्हणून आम्ही बहुतेक वाट पांधणीनं आणि धुऱ्यांवरून, शेतमालकाला विचारून केली, आणि तेच सोयीचंही पडतं. शेतात पीक असताना विचारल्याशिवाय पाय टाकू नका. विचारलं की कुणी नाही म्हणत नाही, उलट हरभऱ्याचे डहाळे हातात देतात.

पाण्याचा त्रास दुसऱ्या दिवशी होतो. खारपाणपट्ट्यात विहिरीचं पाणी पिऊ नका, गावातून नळाचं भरून घ्या, माणशी तीन लिटर तरी. साप आम्हाला एकच दिसला, घोणस, मोरीच्या दगडावर उन्हात पसरलेली. काठी आपटत चाला, घोट्याच्या वर जाणारे बूट घाला, मोरीत हात घालू नका. मुक्काम अंजनगावला आणि दर्यापूरला होऊ शकतो. डिसेंबर-जानेवारी सोडून जाऊ नका. मार्चनंतर तिथं सावलीला उभं राहायला जागा नाही.

यवतमाळ फाटा मी चाललेलो नाही. @मोतीबाग ताई सांगू शकतील.

मोतीबाग

कारंजा ते दारव्हा, मधलं सोमठाण, सांगवी ही बाजू मला माहीत आहे. तिकडं जमीन उंचसखल आहे, दर्यापूरसारखी सपाट नाही, त्यामुळं वळणं जास्त. रानवाटा, तुम्ही याल तेव्हा मला कळवा. मी दारव्ह्यापर्यंत बरोबर येते. मी बाबांबरोबर गाडीतून खूप गेले, चालत कधीच नाही.

तळणीचा

नमस्कार. ह्या धाग्यासाठी पहिल्यांदाच लिहून राहिलो, चुकलं तर माफ करा. मी कापूसतळणीजवळचा. धुऱ्यावरचा भाऊंनी सी/फाची पाटी लिहिली ती आमच्या वावराला लागूनच आहे. लहानपणापासून पाहतो, पण अर्थ इथं वाचला तेव्हा कळला. आमची शाळा तिथून जवळ होती. दुपारची गाडी तिथं शिट्टी द्यायची, अन् आमचे गुरुजी घड्याळ न पाहता पाटीपेन्सिल आवरायले सांगायचे.

काल संध्याकाळी मी अन् माझा पोरगा कुऱ्हाड घेऊन गेलो. पाटीभोवतीची बाभूळ तोडली, खांब थोडा कलला होता तो दगड लावून सरळ केला. खालचा मुरूम कोणी नेलेला नाही, भराव दोन्हीकडं नजर जाईल तिथवर सलग आहे. वहीत तसं लिहून ठेवा.